मीटरच्या डायलवर कापूस फिरवण्याआधी : या चुका टाळा

चाळीसचा आकडा कापसाला लागून आला, तेव्हा कुठे मला कळलं की डायल साफ करणं म्हणजे काच पुसणं नव्हे. गाडी १९५७ ची मॉरिस मायनर. डॅशबोर्डच्या बरोबर मध्ये वेगाचं एकच मोठं गोल मीटर, त्याच्या पोटात पेट्रोलचा छोटा काटा. चाळीसेक वर्षांची धूळ आणि कोणाच्या तरी विड्यांचा धूर बसून डायल मळकट झालं होतं. घरात काचा पुसायचा निळा फवारा होता, तो कापसावर मारला आणि अलगद, अगदी प्रेमानं पुसलं. मळ निघाला. त्यासोबत चाळीसही निघाला. तीसनंतर थेट पन्नास, मधे पांढरट ढग.

त्यानंतर बरीच डायलं हाताखालून गेली. काही माझी, बरीचशी इतरांची, आणि इतरांची बहुतेक "आधी कोणीतरी हात लावलेली". खाली लिहिलंय ते मुख्यतः इंग्रजी गाड्यांच्या मीटरांबद्दल आहे. मॉरिस, ऑस्टिन, हिलमन, स्टँडर्ड या गाड्यांतून स्मिथ्स कंपनीची मीटरं आपल्याकडे मोठ्या संख्येनं आली आणि आजही जुन्या बाजारात तीच जास्त सापडतात. फियाट आणि जीपवाल्यांनाही यातलं पुष्कळ लागू पडेल, पण त्यांची आतली रचना वेगळी असते हे लक्षात ठेवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना रुसवा नको. डायल जितकं कमी "नवं" कराल तितकं चांगलं. दहापैकी सात डायलांना फक्त धूळ झटकणं, काच धुणं आणि बल्ब बदलणं एवढंच लागतं. बाकीची दुरुस्ती आपल्या हौसेपायी होते.

पुसण्याची घाई

डायल म्हणजे पातळ पत्रा. त्यावर आधी रंगाचा थर आणि त्यावर छापलेले आकडे. खालचा थर बहुधा भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. वरची शाई मात्र नुसतीच वाळवलेली असू शकते, आणि साठ-सत्तर वर्षांत तिच्यातला चिकटपणा संपून ती भुकटीसारखी पृष्ठभागावर बसलेली असते. म्हणून काळा भाग खसाखसा घासला तरी टिकतो आणि आकडा नुसत्या ओल्या कापसानं उठतो. माझा फवारा अमोनियाचा होता, तो अशा शाईला नको तितका तिखट. थिनर, पेट्रोल, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांची नावंही काढू नका. भांडी घासायच्या पावडरीनं डायल घासून आणलेला एक गृहस्थ मला भेटला होता. पत्रा छान चकाकत होता. त्यावर आकडे नव्हते, एवढंच.

मग करायचं काय? सुरुवात ओल्यानं नाही, कोरड्यानं. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा आणि खारीच्या केसांचा मऊ ब्रश. यानंच अर्ध्याहून जास्त मळ जातो. त्यानंतरही डाग राहिला तर परीक्षा घ्यायची, पण ती कुठे घ्यायची? डायलच्या कडेला. रिंगखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी झाकलेली असते. रंग तिथे तपासता येतो, पण तिथे आकडे नसतात, म्हणून शाईची परीक्षा कंपनीचं नाव किंवा नंबर छापलेल्या बारीक ओळीच्या एखाद्या अक्षराच्या टोकावर घ्या. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, त्यात शॅम्पूचा एक थेंब, कापसाची काडी ओली करून टिपकागदावर जवळजवळ कोरडी करायची, आणि घासायची नाही, लाटण्यासारखी फिरवायची. काडीवर पिवळट मळ आला तर ठीक. पांढरं आलं तर तिथेच थांबायचं. त्या डायलला पाणी चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग मळासकट राहू द्या. खरंच राहू द्या.

थुंकीचा उपाय ऐकून लोक हसतात, पण चित्रांचं जतन करणारे जाणकार तो गंभीरपणे वापरतात, कारण थुंकीतली विकरं (एन्झाइम) मळाचा चिकटपणा सौम्यपणे सोडवतात. आधी परीक्षा घेऊन, अगदी थोडी, आणि मागाहून डिस्टिल्ड पाण्याची जवळजवळ कोरडी काडी फिरवून. सकाळी तंबाखू खाणाऱ्यांनी हा मार्ग सोडावा.

अंतराच्या आकड्यांची चाकं, म्हणजे ओडोमीटरची ती खिडकीतली चक्रं, यांना तर ओला हात लावूच नका. एका चाकावरचे आकडे पुसट झाले की सहा चाकांची रांग दात पडल्यासारखी दिसते.

खोलताना होणारं नुकसान

काचेभोवतीची क्रोमची रिंग दोन तऱ्हेची असते. एका प्रकारात मागच्या बाजूला छोट्या जिभा असतात. त्या फिरवून डब्याच्या खाचांसमोर आणल्या की रिंग सुटते. दुसऱ्या प्रकारात रिंगेची कड सगळीकडून डब्यावर दुमडलेली असते. पहिली चूक म्हणजे दोन्हींना एकच वागणूक देणं. जिभांची रिंग स्क्रूड्रायव्हरनं उचकटली की क्रोम चुरगळतं, आणि चुरगळलेलं क्रोम काही केल्या सरळ होत नाही. ती रिंग आतल्या रबरामुळे चिकटलेली असते. रबर वितळून सरसासारखं झालेलं असतं. मीटर उन्हात तासभर ठेवा किंवा केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या, मग रबरी हातमोजे घालून दोन्ही तळहातांनी फिरवा. दुमडलेली रिंग असेल तर कड एका जागी पूर्ण उघडायची नाही. गोल फिरत फिरत, प्रत्येक फेरीत केसभर. तीन-चार फेऱ्या लागतात. कंटाळा आला तर चहा प्या, पण पक्कड घेऊ नका.

आणि गंजावर मारायचं ते झिरपणारं तेल रिंगेवर फवारू नका. ते नावाप्रमाणे झिरपतं. दुसऱ्या दिवशी डायलच्या कडेला तेलाचा नकाशा उमटलेला असतो.

काटा काढणं हा सगळ्यात जोखमीचा क्षण. काटा निमुळत्या दांड्यावर नुसता दाबून बसवलेला असतो. तो नखानं ओढला तर तिरका येतो, दांडा वाकतो आणि मीटर कायमचं आजारी पडतं. पत्त्याच्या कॅटमधला एक पत्ता घ्या, त्याला मधोमध चीर पाडा, तो काट्याखाली सरकवा आणि चहाचे दोन छोटे चमचे समोरासमोर धरून दोन्हीकडून सारखाच जोर लावा.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, जे नव्वद टक्के लोक विसरतात. मी दोनदा विसरलोय. बंद गाडीतला काटा शून्यावर एका छोट्या खिळीला टेकून उभा असतो. तो तिथे आपखुशीनं थांबलेला नसतो. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग त्याला अजून मागे ओढत असते आणि खिळी त्याला अडवते. तो ताण हाच मीटरचा हिशेब. म्हणून काटा काढण्याआधी त्याला अलगद उचलून खिळीच्या पलीकडे सोडा, तो जिथे मोकळा स्थिर होईल ती जागा डायलच्या कडेवर कागदी टेपचा तुकडा लावून पेन्सिलीनं नोंदवा, फोटो काढा. परत बसवताना आधी त्या मोकळ्या जागेवर बसवा आणि मग उचलून खिळीच्या अलीकडे आणा. हे न करता काटा थेट शून्यावर दाबला की गाडी चाळीसनं पळताना मीटर साठ दाखवतं, आणि मालक खूश होतो की गाडी तरुण झाली.

तापमानाच्या मीटरबद्दल एकच सूचना, पण ती महाग आहे. जुन्या प्रकारात मीटरमागून तांब्याची बारीक नळी निघते आणि इंजिनातल्या बल्बपर्यंत जाते. हा बल्ब दिव्याचा नव्हे, तापमान ओळखणारी धातूची कुपी. तिच्यात ईथर भरलेला असतो. मीटर, नळी आणि बल्ब मिळून एकच बंद वस्तू आहे. नळी कापली किंवा घडी पडून मोडली की मीटर मेलं. "मागून सुटत नव्हती म्हणून कापली, नंतर डाग देऊन जोडू" असं म्हणणाऱ्याला मी फक्त मान हलवून निरोप देतो.

रेडियम : हे मात्र थट्टेवारी नेऊ नका

आपल्याकडे रेडियम म्हटलं की नंबरप्लेटची चमकणारी पट्टी आठवते. कोपऱ्याकोपऱ्यावर "येथे रेडियमचे काम करून मिळेल" अशी पाटी असते. त्या पट्टीत रेडियम नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी गाड्यांच्या, विमानांच्या आणि काही जुन्या मोटारींच्या डायलवर मात्र ते खरोखर असतं. क्युरी दांपत्यानं १८९८ मध्ये शोधलेलं तेच. जस्ताच्या सल्फाइडमध्ये रेडियम मिसळून तो रंग आकड्यांवर आणि काट्यावर लावत, म्हणजे अंधारात आपोआप उजेड पडे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी हा रंग लावणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करत. त्यांचे जबडे सडले, कित्येकजणी दगावल्या, आणि १९२८ मध्ये त्यांच्यातल्या पाचजणींच्या दाव्यात कंपनीला भरपाई द्यावी लागली.

इथे फसगत कशी होते बघा. डायल आता अंधारात चमकत नाही, म्हणून लोक समजतात की त्यातलं विष संपलं. चमकणारा भाग जस्ताच्या सल्फाइडचा होता, तो काही दशकांत थकतो. रेडियमचं अर्ध-आयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं. म्हणजे दिवा विझला तरी निखारा तसाच आहे. डब्यात बंद, काचेआड असलेलं मीटर गाडीत असायला फारशी हरकत नाही. खरा धोका ते खरवडण्यात, पॉलिश पेपर मारण्यात, उडालेली भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाण्यात आहे.

ओळख अशी : आकड्यांवर किंवा काट्याच्या पोकळीत जाडसर, पिठूळ, बदामी ते तपकिरी झालेला रंग दिसतो. कधी शेजारच्या रंगावर करपल्यासारखी छटा असते. असं दिसलं तर खोलू नका. आधीच खोललं असेल तर फुंकर मारू नका, ब्रश चालवू नका, सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, हात साबणानं धुवा आणि गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. आपल्याकडे किरणोत्सर्गी वस्तूंवर नियमन करणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. तिचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. असं डायल फेकायचं असेल तर भंगारवाल्याला देऊन हात झटकायचे नाहीत, त्यांना विचारायचं.

"साहेब, डुको मारून देतो"

उद्यमनगरातल्या एका पेंटर मामांचं हे वाक्य. डुको म्हणजे गाडीच्या पत्र्यावर फवारायचा रंग. हात सोन्याचा माणूस, मडगार्ड आरशासारखं करून देईल. पण डायलचं काळं आणि मडगार्डचं काळं यांचा काही संबंध नाही. डायलवर चकाकी आली तर दिवसा त्यात आभाळ दिसतं, आकडा दिसत नाही. अगदी मॅट मारलं तर ते फळ्यासारखं खडूची धूळ धरतं. मूळ काळा रंग या दोहोंच्या मधला असतो, अंड्याच्या कवचासारखी मंद चमक असलेला, आणि बहुतेक वेळा तो शुद्ध काळा नसून कणभर राखाडी किंवा तपकिरीकडे झुकलेला असतो. काही डायलं तर काळी नसतातच. माझ्या मायनरचं सोनेरी-तपकिरी आहे. असा रंग उन्हात, रिंगेखालच्या झाकलेल्या पट्टीशी जुळवून बघायचा, ट्यूबलाइटखाली नाही. ती पट्टी म्हणजे मूळ रंगाचा एकमेव साक्षीदार. सगळ्या डायलला पेपर मारणारा पहिला घाव त्या साक्षीदारावरच घालतो.

पावसाळ्यात डुको मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि काळ्या डायलवर पांढरी साय येते. पेंटर याला "पांढरं पडलं" म्हणतात आणि सावकाश उडणारं थिनर घालून निभावून नेतात. मडगार्डवर निभावतं, घासून परत पॉलिश करता येतं. डायलवर पॉलिश करायची सोय नाही. जून ते सप्टेंबर कोकणात तर हा विचारच सोडा. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

थर पातळ ठेवा. मधल्या भोकात रंग साचला की दांडा त्याला घासतो आणि काटा वीस-पंचवीसवर अडकतो. मग लोक स्प्रिंगला दोष देतात. रंग वाळल्यावर भोकाच्या कडा टोकदार काडीनं साफ करा, पॉलिश पेपर गुंडाळून भोक मोठं करू नका.

काटाही पुन्हा रंगवताना जपा. त्याची शेपटी वजन तोलायला असते. टोकाला रंगाचा एक थेंब जास्त साचला की तोल जातो.

आणि डब्याच्या आतल्या पांढऱ्या किंवा फिकट निळसर-हिरव्या रंगावर काळा फवारा मारू नका! तो रंग शोभेचा नाही. बल्बचा उजेड त्यावर आदळून डायलभर पसरतो. काळं केलंत की रात्री मीटरमध्ये अमावस्या.

आकडे नव्यानं छापायचे तर

आधीच म्हटलं की शक्यतो छापूच नका. दोन-तीन आकडे उडाले असतील तर ट्रिपल झिरोचा ब्रश, भिंग आणि पाण्यात विरघळणारा गौशे रंग घेऊन तेवढेच भरा. चुकलं तर ओल्या काडीनं पुसून पुन्हा. तेलाचा किंवा एनॅमलचा रंग वापरू नका, तो परत काढायचा तर मूळ शाईही जाईल. पांढराशुभ्र रंग उघडू नका, शेजारचे आकडे सायीसारखे पिवळट झालेले असतात, त्यात कणभर पिवळा आणि कणभर तपकिरी मिसळा.

पण डायल पार गेलंच असेल तर सुरुवात रंगापासून नाही, स्कॅनपासून. खरं तर खोलल्या खोलल्या, कुठलाही हात लावण्याआधी, स्कॅन करून ठेवायचा नियमच करा. मोबाइलचा फोटो चालत नाही, लेन्स कडेला रेषा वाकवते. फ्लॅटबेड स्कॅनर, १,२०० डीपीआय, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. डायल खोलगट असेल तर हल्लीचे पातळ स्कॅनर कडा धूसर दाखवतात, जुना जाडजूड स्कॅनर अशा वेळी बरा पडतो.

पुढे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. संगणकातला हाताला येईल तो टाइप घेऊन आकडे टंकणं ही पहिली. जुन्या डायलांचे आकडे त्या त्या कारखान्याचे स्वतःचे असत. ४ चं डोकं उघडं की बंद, ३ चा माथा गोल की सपाट, यावरून जाणकार लांबून ओळखतो की डायल काल छापलंय. स्कॅन खाली ठेवून प्रत्येक आकडा इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये हातानं गिरवा. दोन संध्याकाळी जातात. जाऊ द्या.

दुसरी चूक हुशार माणसांची. शून्य ते ऐंशीचा कोन मोजायचा आणि संगणकाकडून समान भाग पाडून घ्यायचे. वेगाच्या मीटरमध्येही सुरुवातीची अंतरं अनेकदा वेगळी असतात, आणि पेट्रोलच्या मीटरमध्ये तर पाव, अर्धी, भरलेली ही अंतरं समान नसतातच. जे आहे तेच गिरवायचं. मधलं भोक केंद्रातून अर्धा मिलिमीटर सरकलं तर चाळीस मिलिमीटर त्रिज्येच्या डायलवर जास्तीत जास्त पाऊण अंशाच्या आसपास फरक पडतो. ऐंशी मैलांचा पसारा समजा २४० अंशांत असेल, तर एक मैल म्हणजे तीन अंश, म्हणून ही चूक पाव मैलाची. तेवढी चालते. पण दोन मिलिमीटर सरकलं तर जवळजवळ एक मैल, आणि ते डोळ्यालाही खुपतं.

तिसरी चूक बावळटपणाची आणि म्हणून सगळ्यांकडून होणारी. प्रिंटर "पानात बसव" या पर्यायावर असतो आणि सगळं तीन-चार टक्क्यांनी आकसून छापतो. छपाईसाठी पारदर्शक फिल्म काढल्यावर तिच्यावर छापलेली पट्टी खऱ्या पट्टीला लावून बघा. शंभर मिलिमीटर म्हणजे शंभरच.

आता काळ्यावर पांढरा आकडा छापायचा कसा? घरातल्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, हे अर्ध्या लोकांना डिकल कागद (छापून चित्र पाण्यात सोडवून चिकटवायचा कागद) विकत आणल्यावर आठवतं. पाण्यात सुटणारा डिकल लावलाच तर खालचा थर गुळगुळीत चकाकता हवा, मॅटवर लावला की फिल्मखाली हवा अडकून चंदेरी किनार दिसते. शेवटी वरून मंद चमकीचा पारदर्शक थर. रेडियमवाल्याकडून विनाइल कापून लावणाऱ्यांना दोन उन्हाळ्यांत उत्तर मिळतं. बंद गाडीत डॅशबोर्ड तापतो, विनाइल आकसतं आणि शून्याच्या कडा वर येतात.

माझा कौल स्क्रीन प्रिंटिंगला. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणारे लोक जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत, आणि लग्नसराई संपली की त्यांना वेळही असतो. त्यांना सांगायची गोष्ट एकच : पिशवीची जाळी नको. सेंटिमीटरला चाळीसेक धागे असलेल्या जाळीतून डायलवरच्या बारीक रेघा दातेरी उतरतात. एकशेवीसच्या आसपास धाग्यांची बारीक जाळी मागा. शाई तुमच्या डुकोला खात नाही ना, हे त्याच रंगाच्या भंगार पत्र्यावर आधी बघा. मी बघितलं नव्हतं एकदा. शाईतल्या थिनरनं खालचा काळा उचलला आणि आकडे राखाडी झाले. पत्रा परत शून्यावर.

बसवल्यावर "काहीतरी बिघडलंय"

डायल सुंदर झालं, मीटर गाडीत गेलं आणि बल्ब लागत नाही. यात वायरमनला दोष देऊ नका. जुन्या गाडीत बल्बचा होल्डर आणि मीटरचा डबा दोन्ही पत्र्यातून अर्थ घेतात, म्हणजे विजेचा परतीचा रस्ता गाडीच्या पत्र्यातूनच जातो. तुम्ही हौसेनं डबा आतून-बाहेरून रंगवला, होल्डर जिथे अडकतो ती जागाही रंगली, अर्थ तुटला. तेवढी कड खरवडून उघडी करा. बल्ब बदलताना मूळचा २.२ वॅटचाच घ्या. जास्त उजेडासाठी पाच वॅटचा लावला की डायलवर बल्बच्या बरोबर समोर करपलेलं वर्तुळ तयार होतं. तुम्ही ज्या तपकिरी डागाला "मळ" समजून घासलात, तो बरेचदा हाच असतो. एलईडी लावणार असाल तर बघा की गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला जोडलेली आहे का. अनेक जुन्या इंग्रजी गाड्या तशाच असत, आणि त्यात एलईडी उलटा लावला तर पेटतच नाही. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी मात्र एलईडी नकोच. पुढे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बसवला असेल तर त्या दिव्यातून जाणारा प्रवाहच त्याला जागं करतो.

पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम जास्त दाखवायला लागले, तर डायलला पुन्हा हात लावू नका. साधारण १९६४ नंतरच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत या दोघांना बारा नव्हे, सरासरी दहा व्होल्ट देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो बिघडला किंवा त्याचा अर्थ सुटला की दोघेही बढाया मारतात. तुमचं मीटर या जातीचं आहे का, हे ओळखायचं सोपं आहे. चावी फिरवल्यावर काटा झोपेतून उठल्यासारखा हळूहळू चढला तर होय. टुणकन उडाला तर तो जुना कॉइलचा प्रकार, त्याला स्टॅबिलायझर नसतो.

वेगाचा काटा थरथरतो? आधी केबल बघा, कुठे वाकडी वळली असेल. आणि केबलला ग्रीस किती लावलंत? आतली तार टोकापर्यंत ग्रीसनं माखणं ही गॅरेजमधली जुनी खोड. तार फिरताना ग्रीस वर चढत मीटरच्या पोटात जातं आणि दोन महिन्यांत नवं डायल तेलकट. मीटरकडची वीतभर तार कोरडी ठेवायची.

काचेवर आतून धुकं येत असेल तर मीटर दमट दिवशी बंद केलंय. उघडून कोरड्या दिवशी पुन्हा बंद करा. काच पक्की बसावी म्हणून व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावलं असेल तर तेही काढा. त्यातून सुटणारं आम्ल पितळ आणि लोखंड दोन्ही खातं. झटपट चिकटणारा गोंदही आत नको. त्याची वाफ काचेवर आणि काळ्या डायलवर पांढरी पूड होऊन बसते, आणि ती पुसायला गेलात की... चाळीसची गोष्ट वर सांगितलीच आहे.

दुसरं मीटर आणताना

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, इथे पूर्ण मीटर मिळतं आणि चांगलं डायल बघून हात शिवशिवतात. घेण्याआधी डायलवर खालच्या बाजूला छापलेली बारीक अक्षरं वाचा. स्मिथ्सच्या वेगाच्या मीटरवर नंबराजवळ तीन-चार आकडी संख्या असते. तार किती फेरे फिरली म्हणजे एक मैल झाला, ते ती सांगते. तुमच्या मीटरवर १,४०० असेल आणि आणलेल्यावर १,०००, तर त्याच रस्त्यावर नवं मीटर चाळीस टक्के जास्त सांगणार. नुसतं डायल काढून आपल्या मीटरवर लावण्याचा मोह होतो, पण तेव्हा नंबर दुसऱ्याचा आणि पोट आपलं, आणि पुढचा मालक त्यावर विश्वास ठेवून फसणार. लावलंच तर मागच्या डब्यावर आत चिठ्ठी लिहून ठेवा. मी ठेवतो, पेन्सिलीनं, तारखेसकट.

मैलांचं डायल किलोमीटरचं करून द्या असं सांगणारे दर महिन्याला भेटतात. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि त्या आधीच्या गाड्या मैलांतच बोलत आल्या. आकडे बदलून वेग किलोमीटरचा होईल, पण खालची चाकं दाते न बदलता मैलच मोजत राहतील. एकाच चेहऱ्यावर दोन भाषा. त्यापेक्षा साठ मैल म्हणजे साधारण सत्त्याण्णव किलोमीटर, तीस म्हणजे अठ्ठेचाळीस, एवढं पाठ करायला सोपं आहे. आणि त्या गाडीत साठच्या वर जायचंय कोणाला?

माझ्या मायनरमध्ये चाळीस अजूनही हातानं भरलेला आहे. गौशेनं, भिंग लावून, तिसऱ्या प्रयत्नात. शून्य जरा जाड झालंय. नवं डायल छापून बसवायची फिल्म कपाटात तयार पडून आहे, सहा वर्षं झाली. तिरपं ऊन पडलं की ते शून्य दिसतं, आणि शेजारी बसलेला प्रत्येक जण नेमका तेव्हाच विचारतो, "हे असं का?"